झेब्रा फिंच आणि ड्रॉसोफिला : शिकलेले गाणे, उपजत गाणे

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ते)

गाणारा पक्षी आणि माशी यांची तुलना करायची तर झेब्रा फिंच आणि ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर यांच्याइतकी चांगली जोडी मला दुसरी सुचत नाही. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, गवताळ प्रदेशात थव्याने राहणारा, सुमारे १२ ग्रॅम वजनाचा पक्षी आहे. ड्रॉसोफिला ही आंबू लागलेल्या फळांवर जमणारी, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबीची माशी आहे. (फळबागांचे नुकसान करणाऱ्या मोठ्या फळमाश्या वेगळ्या कुळातल्या असून त्यांचा येथे विचार केलेला नाही.) या दोन प्राण्यांचा शेवटचा सामाईक पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला आणि त्याला पंखही नव्हते, कानही नव्हते. असे असूनही नराने मादीसमोर गायचे आणि त्या गाण्यावरून मादीने त्याला स्वीकारायचे की नाही हे ठरवायचे, हा व्यवहार दोघांकडेही स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला आहे.

या तुलनेचा सारांश बहुतेक ठिकाणी एका वाक्यात दिला जातो : पक्षी गाणे शिकतो, माशी ते घेऊनच जन्माला येते. गाण्याच्या निर्मितीपुरते हे वाक्य खरे आहे. मात्र त्यातून असा समज पसरतो की माशीच्या आयुष्यात अनुभवाला काही स्थान नाही आणि पक्ष्याच्या गाण्यात जन्मजात असे काही नाही. हे दोन्ही समज मला अमान्य आहेत. शिकणे दोन्हीकडे आहे. गाण्याच्या व्यवहारात ते नेमके कोणत्या जागी येते, हे पाहिल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. त्यासाठीच हा धागा काढला आहे.

प्रथम माशीचे गाणे. नर मादीच्या मागे मागे चालत असताना आपला एक पंख बाजूला काढतो आणि तो थरथरवतो. या आवाजाचे शास्त्रीय वर्णन १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्यात दोन प्रकार आढळतात : एक सलग गुणगुण, जिची कंप्रता साधारण १५० हर्ट्झच्या आसपास असते, आणि दुसरे सुटे सुटे ठोके. मेलॅनोगॅस्टरच्या नराच्या दोन ठोक्यांमधील अंतर सुमारे ३५ मिलिसेकंद असते, तर तिच्याशी अगदी जवळचे नाते असलेल्या ड्रॉसोफिला सिम्युलान्स या प्रजातीत ते ५० मिलिसेकंदांच्या आसपास असते. ठोक्यांमधले हे अंतर प्रजाती ओळखण्याची खूण म्हणून काम करते, हे १९६९ साली बेनेट-क्लार्क आणि युइंग यांनी दाखवले. हा आवाज काही मिलिमीटरच्या पलीकडे फारसा पोचत नाही. मादीच्या शृंगिकेवर पिसासारखा एक केस असतो. हवेच्या कणांच्या हालचालीने तो डोलतो आणि शृंगिकेच्या बुडाशी असलेल्या जॉन्स्टनच्या अवयवातील सुमारे ५०० चेतापेशी ती हालचाल टिपतात. पंख कापलेल्या नराला मादी सहजी स्वीकारत नाही, पण त्याच वेळी योग्य अंतराचे ठोके ध्वनिक्षेपकावरून ऐकवले की ती अधिक लवकर राजी होते. म्हणजे मादीच्या निर्णयात त्या आवाजाला स्वतःचे वजन आहे.

आता पक्ष्याचे गाणे. झेब्रा फिंचचा नर सुरुवातीला काही प्रास्ताविक स्वर काढतो आणि मग तीन ते आठ वेगवेगळ्या ध्वनींची एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. ही ओळ साधारण अर्ध्या ते एका सेकंदाची असते. प्रत्येक नराची ओळ वेगळी असते आणि ती त्याची वैयक्तिक ओळख ठरते. माशीकडे अशी प्रत्येक नराची स्वतंत्र चाल नसते. पिलू अंड्यातून बाहेर आल्यावर सुमारे २५ ते ६५ दिवसांच्या काळात वडिलांचे किंवा जवळच्या दुसऱ्या प्रौढ नराचे गाणे मनात साठवते. ३५ दिवसांच्या सुमारास ते बोबडे, अस्ताव्यस्त आवाज काढू लागते आणि स्वतःचा आवाज ऐकत, साठवलेल्या गाण्याशी ताडून पाहत, ९० दिवसांच्या आसपास आपली ओळ पक्की करते. इमेलमान यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत झेब्रा फिंचची पिले बंगाली फिंचच्या जोडप्यांकडे वाढवली गेली, तेव्हा ती मोठेपणी आपल्या पालक-पित्याचे, म्हणजे दुसऱ्याच प्रजातीचे गाणे गाऊ लागली. याउलट, कोषातून बाहेर पडल्यापासून एकटा ठेवलेला ड्रॉसोफिलाचा नर पहिल्या भेटीतच आपल्या प्रजातीचे गाणे गातो.

गाणे शरीरात कुठे राहते, याचा विचार केला की हा फरक आणखी स्पष्ट होतो. माशीत नर-विशिष्ट वर्तन घडवण्यात ‘फ्रूटलेस’ या जनुकाचा मोठा वाटा आहे. २००५ साली डेमिर आणि डिक्सन यांनी या जनुकाची नरांत बनणारी आवृत्ती माद्यांमध्ये घडवून आणली, तेव्हा त्या माद्या इतर माद्यांच्या मागे लागून पंख थरथरवू लागल्या. २००८ साली क्लाइन आणि मीझेनबोक यांनी वक्षातील संबंधित चेतापेशी प्रकाशाने उत्तेजित केल्या, तेव्हा डोके नसलेल्या माश्यांनीही गाणे काढले. गाण्याचा साचा घडवणारी यंत्रणा वक्षातील चेतागुच्छात आहे आणि मेंदू मुख्यतः ‘आता गा’ हा आदेश खाली धाडतो.

पक्ष्यात रचना निराळी आहे. अग्रमेंदूतील एचव्हीसी नावाचे केंद्र आरए या दुसऱ्या केंद्राला संदेश देते, तिथून संदेश मेंदूच्या खोडाकडे आणि पुढे श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या सिरिंक्स या ध्वनी-अवयवाच्या स्नायूंकडे जातो. हानलोजर, कोझेवनिकोव्ह आणि फी यांनी २००२ साली दाखवले की एचव्हीसीतून आरएकडे जाणारी प्रत्येक चेतापेशी संपूर्ण ओळीत साधारण एकदाच, तीही दर वेळी त्याच क्षणी उद्दीपित होते. २००८ साली लाँग आणि फी यांनी एचव्हीसी किंचित थंड केले तेव्हा गाण्याची चालच सावकाश झाली, ध्वनींचा क्रम मात्र तसाच राहिला. गाण्याचे घड्याळ तिथे आहे, याचा यापेक्षा नेटका पुरावा मला माहीत नाही.

ध्वनिरेखा

लेखाची मांडणी पटली, पण तिच्यात एक उणीव राहिली आहे असे वाटते. ‘उपजत’ म्हटले की वाचकाच्या मनात दर वेळी तेच ते वाजणारे, साचेबद्ध गाणे उभे राहते. माशीचे गाणे तसे मुळीच नाही. कोएन, मर्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली नर-मादीच्या भेटींचे तपशीलवार चित्रण आणि ध्वनिमुद्रण केले. त्यातून असे दिसले की गुणगुण करायची की ठोके द्यायचे, केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबायचे, हे नर मादीचे अंतर, तिची गती आणि त्याची स्वतःची गती यांवरून क्षणाक्षणाला ठरवतो. ज्याला पूर्वी केवळ यादृच्छिक चढउतार समजले जात होते, त्याचा बराच भाग मादीच्या हालचालींवरून आधीच सांगता येतो. पुढे २०१८ साली असेही स्पष्ट झाले की ठोके दोन प्रकारचे असतात, एक सौम्य आणि दुसरा जोरकस, आणि मादी दूर असताना नर जोरकस ठोक्यांकडे वळतो.

आता शेजारी झेब्रा फिंच ठेवून पाहा. ज्याने महिनोन्महिने खपून गाणे शिकले, तो प्रौढ नर आयुष्यभर तीच एक ओळ गातो. समोर मादी असेल तर त्याच्या गाण्यातले फेरफार आणखी कमी होतात. एकटा असताना तो जितका सैल गातो, त्यापेक्षा मादीसमोर तो जास्त काटेकोर होतो. म्हणजे शिकलेले गाणे प्रत्यक्ष भेटीच्या वेळी घट्ट आणि उपजत गाणे लवचीक, असा हा उलटा प्रकार आहे. लवचीकपणा आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या जोडीइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

सूक्ष्मदर्शी

ध्वनिरेखा, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मूळ लेखातच यायला हवा इतका मध्यवर्ती आहे. त्याला एक पुरवणी जोडतो. प्रौढ फिंचची ओळ घट्ट असली तरी ती एकदा कोरली आणि विषय संपला, असे नाही. नॉर्डीन दांपत्याने १९९२ साली दाखवले की प्रौढ नराचे ऐकणे बंद केले तर त्याचे पक्के झालेले गाणेही काही आठवड्यांत हळूहळू बिघडत जाते. म्हणजे ते गाणे जागेवर राहते ते रोज स्वतःचा आवाज ऐकून केलेल्या दुरुस्तीमुळे.

ही दुरुस्ती कशी होते, याची थोडीफार कल्पना आता आली आहे. एचव्हीसी आणि आरए या मुख्य मार्गाच्या बाजूने एरिया एक्स, थॅलॅमस आणि एलमॅन अशी केंद्रांची दुसरी साखळी आहे. एलमॅन हे केंद्र आरएमध्ये मुद्दाम फेरफार सोडते. ते तात्पुरते बंद केले की पिलाचे गाणे एकदम एकसुरी होते. २००८ साली अॅरोनोव्ह, अँडालमन आणि फी यांनी दाखवले की एचव्हीसी काढून टाकले तरी पिलाचे बोबडे गाणे सुरूच राहते, पण एलमॅन बंद केले की ते थांबते. बोबडेपणासाठी मेंदूत स्वतंत्र यंत्रणा असावी, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. २०१६ साली गदगकर, गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी फिंच गात असताना त्याला स्वतःचा आवाज जाणूनबुजून विकृत करून ऐकवला. ध्वनी अपेक्षेपेक्षा वाईट आला की डोपामीन (मेंदूत बक्षिसाची खूण देणारे रसायन) सोडणाऱ्या चेतापेशींची क्रिया दबत होती, आणि विकृती अपेक्षित असताना ती आली नाही की त्या उसळत होत्या. पक्षी कोणी बक्षीस न देताही स्वतःच्या गाण्याला गुण देत असतो, असा त्याचा अर्थ निघतो.

माशीच्या लवचीक गाण्यात अशा अंतर्गत आदर्शाशी तुलना होत असल्याचे काही दिसत नाही. तिथे बाहेरून आलेल्या खुणांवर त्या क्षणी दिलेला प्रतिसाद आहे.

रानवाटा

तुलना वाचनीय आहे, परंतु झेब्रा फिंचला सर्व गाणाऱ्या पक्ष्यांचा प्रतिनिधी आणि मेलॅनोगॅस्टरला सर्व माश्यांचा प्रतिनिधी समजण्याचा धोका येथे आहे. ‘गातो तो नरच’ हे या दोन प्रजातींपुरते खरे असले तरी ओडोम आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली केलेल्या विस्तृत पाहणीत, माहिती उपलब्ध असलेल्या गायक पक्ष्यांच्या प्रजातींपैकी दोनतृतीयांशांहून अधिक प्रजातींत माद्याही गातात आणि या पक्ष्यांच्या आद्य पूर्वजांतही माद्या गात असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. झेब्रा फिंचच्या मादीचे गप्प राहणे ही मागाहून झालेली घट आहे. माश्यांतही ड्रॉसोफिला व्हिरिलिस या प्रजातीत मादी पंखांनी प्रत्युत्तर देते आणि दोघांचे युगुलगान होते, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले आहे.

शिकण्याच्या पद्धतींतही अशीच विविधता आहे. झेब्रा फिंच एकदा शिकतो आणि थांबतो. कॅनरी दर वर्षी गाण्यात नवी भर घालतो. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोमध्ये प्रदेशानुसार बोली असतात, हे मार्लर आणि तामुरा यांनी १९६४ सालीच दाखवले होते. त्यामुळे या धाग्यातील निष्कर्ष ‘एक पक्षी आणि एक माशी’ एवढ्याच मर्यादेत वाचावेत, असे सुचवतो.

सूक्ष्मदर्शी

ही मर्यादा पूर्णपणे मान्य आहे. याच दोन प्रजाती निवडल्या, कारण दोन्ही प्रयोगशाळेत सहज वाढतात आणि दोन्हींवर अनेक दशकांचे काम झालेले आहे. ड्रॉसोफिलाची पिढी २५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे १० दिवसांत तयार होते आणि झेब्रा फिंच तीन महिन्यांत वयात येतो, जे पक्ष्यांमध्ये बरेच लवकर आहे. ड्रॉसोफिलाचा जीनोम २००० साली आणि झेब्रा फिंचचा २०१० साली प्रसिद्ध झाला. इतक्या बारकाईने समोरासमोर ठेवता येईल अशी माहिती दुसऱ्या जोडीबद्दल मिळणे कठीण आहे.

पेशीपाठ

माद्यांचा विषय निघालाच आहे, तर तो थोडा पुढे नेतो, कारण माझ्या मते या दोन प्राण्यांतील सर्वांत खोल फरक आणि सर्वांत अनपेक्षित साम्य तिथेच सापडते.

फरक असा. क्लाइन आणि मीझेनबोक यांच्या ज्या प्रयोगाचा उल्लेख मूळ लेखात आहे, त्यात माद्यांच्या वक्षातील चेतापेशी उत्तेजित केल्यावर माद्यांनीही गाणे काढले होते. ते नराच्या गाण्याइतके सुघड नव्हते, पण गाणेच होते. म्हणजे माशीच्या मादीत गाण्याची यंत्रणा बऱ्याच अंशी हजर असते, फक्त तिला कधी हाक दिली जात नाही. झेब्रा फिंचच्या मादीत चित्र वेगळे आहे. नॉटेबोम आणि आर्नल्ड यांनी १९७६ साली दाखवले की गाण्याची केंद्रे नरांत माद्यांपेक्षा कितीतरी मोठी असतात. पुढे कोनिशी आणि अकुतागावा यांच्या १९८५ सालच्या कामातून कळले की मादीच्या आरएमधील चेतापेशी वाढीच्या काळात आक्रसतात आणि मोठ्या संख्येने मरतात. पक्षीण गात नाही ती आदेश मिळत नाही म्हणून नव्हे; तिच्याकडे आदेश पाळणारी यंत्रणाच उरलेली नसते. मात्र अंड्यातून बाहेर आल्यावर लगेच इस्ट्रोजेन दिले तर मादीत ही केंद्रे बरीच वाढतात, हे गर्नी आणि कोनिशी यांनी १९८० साली सिद्ध केले होते.

साम्य असे. माशीत प्रत्येक पेशी आपले लिंग स्वतःच्या गुणसूत्रांवरून ठरवते, त्यामुळे शरीराचा काही भाग नराचा आणि काही मादीचा असलेल्या अर्धनर माश्या तयार होतात. फॉन शिल्चर आणि हॉल यांनी १९७९ साली अशा माश्या वापरूनच गाण्यासाठी वक्षातील चेतागुच्छात नराच्या पेशी आवश्यक असतात, हे शोधले. पक्ष्यांत सगळे संप्रेरकांवर अवलंबून असते, असे त्या काळी धरून चालत असत. परंतु २००३ साली अॅगेट, आर्नल्ड आणि सहकाऱ्यांनी असा एक झेब्रा फिंच अभ्यासला, ज्याची उजवी बाजू नराची आणि डावी मादीची होती. तो नरासारखा गात होता. त्याच्या मेंदूच्या दोन्ही अर्धांना एकाच रक्तातून तीच संप्रेरके मिळत होती, तरीही उजवीकडचे एचव्हीसी डावीकडच्यापेक्षा ठळकपणे मोठे होते. संप्रेरकांचे महत्त्व त्यामुळे नाहीसे झाले नाही, पण पक्ष्याच्या चेतापेशींनाही माश्यांप्रमाणे स्वतःचे लिंग काही प्रमाणात ‘माहीत’ असते, हे मान्य करावे लागले. एकाच एका पक्ष्यावरून इतका दूरगामी निष्कर्ष क्वचितच निघाला असेल.

जिज्ञासू वाचक

एक प्राथमिक शंका आहे. प्रत्येक पिलू गाणे आधीच्या पिढीकडून शिकत असेल, तर ते मुळात आले कुठून? आणि ज्या पिलाला कोणीच गाणे शिकवले नाही ते काय गाते?

सूक्ष्मदर्शी

शंका प्राथमिक नाही. या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग तिच्याच उत्तरासाठी झाला आहे. गाणे न ऐकता वाढलेला नर गातो, पण त्याचे गाणे ओबडधोबड असते : ध्वनी अवाजवी लांबलेले, लय विस्कळीत. फेहेर, वांग, सार, मित्रा आणि चेर्निकोव्हस्की यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे एकाकी वाढलेले नर पिलांना शिक्षक म्हणून दिले. पिलांनी ते विचित्र गाणे उचलले, पण जसेच्या तसे नव्हे. अनुकरण करताना त्यांनी लांबलेले ध्वनी थोडे आखडते घेतले. मग ही पिले पुढच्या पिढीची शिक्षक झाली. तीन-चार पिढ्यांत गाणे पुन्हा रानातल्या झेब्रा फिंचच्या गाण्यासारखे झाले, जरी त्या वंशातल्या कोणीही रानातले गाणे कधी ऐकलेले नव्हते.

म्हणूनच मूळ लेखात मी म्हटले की पक्ष्याच्या गाण्यातही जन्मजात भाग आहे. कोणते ध्वनी उचलायचे, कोणत्या दिशेने वाकवायचे, याचा कल पिलाच्या मेंदूत आधीपासून असतो. हा कल एका आयुष्यात पुरता प्रकट होत नाही, कारण पिलू समोरच्या शिक्षकाशी बऱ्यापैकी इमान राखते. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की तो उघड होतो. माशीत जे जनुकांपासून थेट वर्तनापर्यंत एका पिढीत पोचते, त्यालाच पक्ष्यात अनेक शिक्षक-शिष्यांच्या साखळीतून जावे लागते.

कालमापक

माशीच्या गाण्याविषयी एक जुना वाद येथे नोंदवणे योग्य होईल. कोनोप्का आणि बेंझर यांनी १९७१ साली ‘पिरियड’ हे जनुक शोधले, ज्याच्या उत्परिवर्तनांनी माशीचे दिवसरात्रीचे चक्र बिघडते. १९८० साली किरियाकू आणि हॉल यांनी असे मांडले की ठोक्यांमधील अंतर सुमारे एका मिनिटाच्या आवर्तनाने कमी-जास्त होते आणि हे आवर्तनही ‘पिरियड’ जनुकाच्या ताब्यात आहे. एकच जनुक २४ तासांचे आणि एका मिनिटाचे अशी दोन्ही घड्याळे चालवते, ही कल्पना फार आकर्षक होती आणि ती पाठ्यपुस्तकांतही शिरली. २०१४ साली स्टर्न यांनी मोठ्या प्रमाणावर नवे ध्वनिमुद्रण करून असे प्रतिपादन केले की ही आवर्तने विश्लेषणाच्या पद्धतीतून निर्माण झालेला भास आहे. किरियाकू आणि सहकाऱ्यांनी त्याला २०१७ साली उत्तर दिले. ध्वनिरेखा यांनी दिलेली माहिती लक्षात घेता मला स्टर्न यांची बाजू अधिक सबळ वाटते : नर क्षणोक्षणी मादीच्या हालचालींनुसार गाणे बदलत असेल, तर त्या बदलांतून आवर्तने निवडून काढणे फार जिकिरीचे आहे आणि थोड्या नमुन्यांवर तर ते धोक्याचेच आहे.

श्रवणवेध

आतापर्यंतची बहुतेक चर्चा गाणाऱ्याबद्दल झाली. गाणे ज्याच्यासाठी असते त्या मादीकडे पाहिले, तर धाग्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे असे मला वाटते.

झेब्रा फिंचची मादी गात नाही, पण तिला गाण्याची पारख असते आणि ती पारख तिला शिकावी लागते. लाउए आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले की लहानपणी गाणे ऐकत वाढलेल्या माद्या मोठेपणी सुघड गाणे पसंत करतात आणि एकाकी नराचे ओबडधोबड गाणे टाळतात. गाणे न ऐकता वाढलेल्या माद्या मात्र या दोहोंत असा भेद करत नाहीत.

आता माशी पाहा. ली, इशिमोतो आणि कामिकोउची यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तरुण ड्रॉसोफिला माश्यांना काही दिवस कृत्रिम ठोके ऐकवले. ज्या माद्यांनी आपल्या प्रजातीच्या अंतराचे ठोके ऐकले होते, त्या पुढे चुकीच्या अंतराच्या गाण्याला कमी प्रतिसाद देऊ लागल्या. ज्यांनी काहीच ऐकले नव्हते, त्या चोखंदळ नव्हत्या. चुकीच्या गाण्यालाही त्या राजी होत होत्या. हा चोखंदळपणा घडण्यासाठी गाबा या रसायनामार्फत होणारे निरोधन लागते, हेही त्यांनी दाखवले.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की त्यांची मांडणी जवळपास सारखी आहे, हे कोणाच्याही लक्षात येईल. गाण्याची निर्मिती पक्ष्यात शिकलेली आणि माशीत उपजत आहे. गाण्याची पारख मात्र दोन्हीकडे अनुभवाने धारदार होते. दुसऱ्या प्रजातीच्या अंतराचे ठोके ऐकवून माशीच्या मादीची आवड त्या गाण्याकडे वळवता येत नाही, फिंचच्या पिलाला मात्र परका शिक्षक चालतो. हा फरक उरतोच. माशीचा अनुभव आधीच ठरलेली आवड पक्की करतो, पक्ष्याचा अनुभव आवडीचा आशयही ठरवतो.

पेशीपाठ

श्रवणवेध यांच्या प्रतिसादाने धाग्याला नेमके वळण मिळाले. त्यात एवढेच जोडतो की माशीचा नरही अनुभवातून शिकतो. सीगल आणि हॉल यांनी १९७९ साली दाखवले की आधीच मीलन झालेल्या मादीकडून नकार मिळालेला नर नंतर काही तास प्रणयाराधन कमी करतो. गाणे तेच राहते. ते केव्हा आणि कोणासमोर गायचे, हे मात्र शिकले जाते.

जिज्ञासू वाचक

पक्ष्यांच्या गाण्याशी आणि माणसाच्या बोलण्याशी संबंध असलेले एक जनुक माश्यांतही आहे, असे वाचले होते. मग शिकण्याचे मूळही सामाईक असू शकेल का?

सूक्ष्मदर्शी

आपण ‘फॉक्सपी२’ बद्दल विचारत आहात. माणसात या जनुकातील बिघाडाने उच्चारांवर आणि भाषेवर परिणाम होतो. हेस्लर, शार्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली झेब्रा फिंचच्या पिलांच्या एरिया एक्समध्ये त्याची पातळी घटवली, तेव्हा पिलांनी शिक्षकाचे गाणे अपुरे आणि अचूकता हरवून उचलले. माशीत या कुटुंबातले एकच जनुक आहे. २०१४ साली मेंडोझा आणि सहकाऱ्यांना आढळले की त्यात बिघाड असलेल्या माश्यांना स्वतःच्या हालचालींच्या परिणामांवरून शिकणे जमत नाही, मात्र बाहेरच्या खुणांवरून शिकणे जमते. ‘करून पाहा, परिणाम बघ, सुधार’ ही क्षमता फार प्राचीन असावी आणि पक्ष्यांनी ती गाण्यासाठी कामाला लावली असावी, असा तर्क यावरून करता येतो. तर्क मला आवडतो, पण एका जनुकावरून संपूर्ण क्षमतेची वंशावळ लिहू नये. असे जनुक इतर अनेक जनुकांचे नियंत्रण करत असते आणि मेंदूच्या बांधणीतच त्याचा सहभाग असल्यामुळे बिघाडाचे परिणाम अनेक दिशांनी होतात.

यापुढचे काम मात्र दोन प्राण्यांत वेगळ्या गतीने होईल, असे दिसते. प्रौढ ड्रॉसोफिला मादीच्या संपूर्ण मेंदूचा, म्हणजे सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा आणि त्यांच्यातील जोडण्यांचा नकाशा २०२४ साली प्रसिद्ध झाला. नराच्या चेतारज्जूचा, म्हणजे गाण्याचा साचा जिथे बनतो त्या भागाचा नकाशाही आता हाताशी आहे. त्यात सुमारे २३ हजार चेतापेशी आहेत. झेब्रा फिंचच्या मेंदूत सुमारे १३ कोटी चेतापेशी आहेत आणि इतका तपशीलवार संपूर्ण नकाशा तिथे उपलब्ध नाही. त्यामुळे गाणे ऐकून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा मार्ग माशीच्या मादीत शृंगिकेपासून थेट निर्णय घेणाऱ्या चेतापेशींपर्यंत एकेक जोडणी धरून तपासता येईल. श्रवणवेध यांनी सांगितलेल्या अनुभवी आणि अननुभवी माद्यांमध्ये नेमक्या कोणत्या जोडण्या वेगळ्या असतात, हा प्रश्न आता थेट विचारता येण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले तर फिंचच्या मादीत नेमके कुठे पाहायचे हे ठरवायलाही आधार मिळेल.